पेणहून मुंबईला बाईकवर माल नेताय? आधी हा हिशोब बघा



पेणला किंवा रोह्याला बॅच घेतली की एक प्रश्न हमखास येतो. "सर, टेम्पोवाल्याला पैसे कशाला घालायचे? माझी बाईक आहे ना. सकाळी निघतो, दादरला माल टाकतो, दुपारी घरी." विचारणारा कधी पापडवाला असतो, कधी पोहेवाला, कधी गणपतीच्या छोट्या मूर्ती करणारा हमरापूर-जोह्याकडचा मुलगा. आता तर बचत गटातल्या ताईसुद्धा विचारतात, कारण घरात स्कूटर असते आणि मुलगा चालवायला तयार असतो.

व्हिडिओमध्ये मी याचं उत्तर घाईघाईत दिलं. तिथे वेळ कमी होता. इथे सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न नुसता पेट्रोलचा नाही. धंदा चालवणारा माणूस एकच असतो आणि तोच बाईकवर बसलेला असतो. तो महिनाभर पाय प्लास्टरमध्ये घालून बसला तर धंदाही तेवढेच दिवस बसतो.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. मुंबईला बाईक जरूर न्या. पण माल पोचवायला नको. नमुने दाखवायला, ऑर्डर घ्यायला आणि पैसे वसूल करायला न्या. असं का, ते बघू.

हिशोब मांडून बघा

समजा तुम्ही पेणमध्ये पोह्याचे पापड करता आणि दादरच्या एका दुकानाला २० किलो द्यायचे आहेत. बाईकवर नीट बांधून २० किलो जातात. त्याहून जास्त नेणारे आहेत, पण तो विषय पुढे येईलच.

पेण ते दादर जाऊन-येऊन, आतल्या रस्त्यांचं फिरणं धरून १६० किलोमीटर धरा. गाडी ५० चं ॲव्हरेज देत असेल तर ३.२ लिटर पेट्रोल लागेल. १०५ रुपये लिटर धरलं तर ३३६ रुपये. इथपर्यंत सगळेच हिशोब करतात आणि इथेच थांबतात. "साडेतीनशेत काम झालं, टेम्पोवाला हजार मागतो."

आता पुढचं. टायर, चेन, ऑइल, ब्रेक शू, सर्व्हिसिंग आणि गाडीची उतरणारी किंमत मिळून किलोमीटरला १ रुपया धरा, म्हणजे १६० रुपये. तुमचा वेळ जायला अडीच-तीन तास, यायला तेवढाच आणि दुकानात थांबायला एक तास, असा एकूण सात तास. तुमच्या तासाची किंमत फक्त ७५ रुपये धरू, म्हणजे ५२५. एकूण झाले १०२१ रुपये.

पापडावर किलोला ६० रुपये सुटतात असं समजा. २० किलोचे १२०० झाले. म्हणजे दिवसभर ट्रॅफिकमध्ये जीव टांगणीला लावून हातात राहिले १७९ रुपये. त्यात एखादं चलान आलं, नो-पार्किंगमधून गाडी उचलली किंवा दोन किलो पापडाचा चुरा झाला, की तेही गेले.

आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे असतील. तुमचे घालून बघा. पण "माझा वेळ" ही ओळ गाळू नका. नवीन उद्योजक सगळ्यात जास्त खोटं बोलतो ते स्वतःशी, आणि याच ओळीत.

आता तीच बाईक, तोच दिवस, पण बॅगेत फक्त पाव-पाव किलोची दहा पाकिटं आहेत. दादरला दोन दुकानं, माटुंग्याला एक, चेंबूरला दोन, परत येताना वाशीला दोन. सातपैकी तीन दुकानांनी दर महिन्याला दहा-दहा किलोची ऑर्डर दिली तर तो दिवस वर्षभर पैसे देत राहतो. खर्च तेवढाच १०२१. बाईकची खरी किंमत इथे वसूल होते, कारण एका दिवसात सात दुकानं गाठणं मुंबईत दुसऱ्या कुठल्या वाहनाने जमत नाही.

विम्याच्या कागदावरची एक ओळ

हे फार कमी लोकांना माहीत असतं. तुमच्या बाईकची इन्शुरन्स पॉलिसी काढा आणि वाहनाच्या वापरावरच्या मर्यादा जिथे लिहिल्यात तो भाग वाचा. खाजगी दुचाकीच्या पॉलिसीत साधारणपणे असं असतं, की गाडी कशाही कामाला वापरा, फक्त काही गोष्टींसाठी नाही. त्या यादीत भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापर, शर्यती वगैरे असतात आणि आणखी एक गोष्ट असते, मालवाहतूक. त्यापुढे कंसात सूट दिलेली असते, नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून.

नीट वाचा. नमुने चालतात, माल चालत नाही.

म्हणजे काय तर बॅगेत सॅम्पलची पाकिटं असताना काही झालं तर तुम्ही पॉलिसीच्या चौकटीत आहात. मागे पोह्याची गोण बांधलेली असताना कुणाला धडक बसली तर कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते. समोरच्याला दिलेली भरपाई नंतर तुमच्याकडून वसूल करायलाही ती मागे लागू शकते. नेहमी असंच होतं असं नाही. पण धंद्याच्या सुरुवातीलाच अशी टांगती तलवार कशाला घ्यायची? नियमित माल न्यायचाच असेल तर एजंटला स्पष्ट विचारा आणि तो जे सांगेल ते लेखी घ्या.

जाता जाता हेही बघा. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा तुमच्याकडे चालू आहे का? नवीन गाडीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, त्यामुळे "माझा इन्शुरन्स आहे" असं समजून लोक निवांत असतात. वैयक्तिक अपघाताचा भाग मात्र पुष्कळदा एकाच वर्षाचा घेतलेला असतो आणि संपलेला असतो. तारीख तपासा.

मग माल कसा न्यायचा?

मुंबईच्या डबेवाल्यांकडे बघा. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं ते काम आजही एका साध्या विभागणीवर चालतं. घरातून स्टेशनपर्यंत सायकल, लांबचा पल्ला लोकलच्या लगेज डब्यातून, आणि पुन्हा स्टेशनपासून ऑफिसपर्यंत सायकल, हातगाडी किंवा डोक्यावर. सगळा रस्ता एकाच वाहनाने जायचा हट्ट ते करत नाहीत.

तुम्हीही तेच करा. पेण आणि रोहा दोन्ही ठिकाणी रेल्वे आहे. दिव्याकडे जाणारी मेमू पेणला थांबते. पनवेलला उतरलात तर हार्बर लोकल, दिव्याला उतरलात तर मध्य रेल्वेची लोकल. गाड्या मोजक्या आहेत हे खरं, वेळा पाठ करून ठेवाव्या लागतात. फुकट सामानाला मर्यादा असते, जास्त असेल तर लगेजची पावती करा. दुसरा मार्ग म्हणजे चार-पाच जणांनी मिळून आठवड्याला एक छोटा हत्ती ठरवणं. पापडवाला, पोहेवाला, वाल-कडधान्यवाला आणि लोणची-मसालेवाल्या ताई, सगळ्यांचा माल बहुतेक त्याच तीन-चार भागांत जातो. वीस-वीस किलोचे पाच जण एकत्र आले की टेम्पोचे हजार रुपये माणशी दोनशेवर येतात. एसटीचं पार्सलही आहे. आणि मुंबईतला शेवटचा टप्पा ॲपवरच्या डिलिव्हरीवाल्याला द्या. शहराच्या गल्ल्या त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतात.

मूर्तीवाल्यांना एक वेगळं सांगतो. गणपतीच्या आधीच्या दिवसांत मुंबई–गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदीचे आदेश दरवर्षी निघतात आणि चाकरमान्यांची गर्दी सुरू होते. तुमची डिलिव्हरी त्याच्या बरीच आधी संपली पाहिजे. शेवटच्या चार दिवसांत "दोनच मूर्ती राहिल्यात, बाईकवर देऊन येतो" हा विचार मनात आणू नका. मूर्ती मांडीवर धरून मागे बसलेला माणूस पडताना हात टेकवू शकत नाही. त्याचे हात मूर्तीला असतात.

रस्ता आधी ठरवा, मोबाइलवर सोडू नका

आता प्रत्यक्ष जाण्याकडे येऊ. मोबाइलच्या नकाशात बहुतेकांचं सेटिंग कारचं असतं. ते दुचाकीचं करा. नाहीतर तो तुम्हाला अशा ठिकाणी नेऊन उभं करेल जिथे बाईकला परवानगीच नाही, आणि मागे वळायलाही जागा नाही.

दुचाकीला बंदी असलेले रस्ते लक्षात ठेवा. अटल सेतू (१२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालं, लांबी जवळपास २२ किलोमीटर) आपल्याला चिर्ल्याकडून अगदी जवळ वाटतो, पण बाईकसाठी नाही. मुंबई–पुणे एक्सप्रेसवे नाही. चेंबूरच्या पुढे दक्षिण मुंबईकडे सुसाट नेणारा ईस्टर्न फ्रीवे नाही. जे. जे. उड्डाणपूल नाही, तिथे खालून मोहम्मद अली रोडने जायचं. वांद्रे–वरळी सागरी सेतू आणि कोस्टल रोडही नाहीत. या ठिकाणी चुकून चढलेला माणूस दंडाने तर मरतोच, शिवाय ताशी ८० ने जाणाऱ्या गाड्यांमध्ये एकटा बाईकवाला म्हणून सापडतो.

म्हणजे आपला रस्ता असा: रोह्याहून भिसे खिंडीतून नागोठणे किंवा कोलाडवरून हायवेला, मग वडखळ, पेण, खारपाड्याचा पूल, कर्नाळा, पळस्पे, कळंबोली, सायन–पनवेल महामार्ग, वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर, सायन.

दक्षिण मुंबईत काम असेल, म्हणजे मस्जिद बंदर, क्रॉफर्ड मार्केट, गिरगाव, तर एक युक्ती सांगतो. वडखळवरून अलिबागच्या दिशेने मांडव्याला जा आणि रो-रो बोटीत बाईक चढवा. २०२० पासून ही सेवा आहे. साधारण तासाभरात भाऊच्या धक्क्याला, म्हणजे माझगावलाच उतरता. कळंबोलीपासून सायनपर्यंतची सगळी कटकट वाचते आणि तासभर बसून ऑर्डरची वही लिहिता येते. तिकीट लागतं आणि समुद्र खवळला तर फेरी रद्द होते, म्हणून निघायच्या आधी खात्री करा. हातपाय गळून पोचण्यापेक्षा ताजं पोचलेला माणूस भाव नीट बोलतो, हे मी पैजेवर सांगतो.

हायवेचा हात शहरात चालत नाही

पेण-रोह्याचे आपण लोक गाडी चालवायला कमी नाही. खड्डे चुकवायचे कसे हे आपल्याला कुणी शिकवायला नको. २०११ पासून चाललेलं पळस्पे ते इंदापूर ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण किती रखडलं आणि त्यात आपण किती वर्षं गाड्या हाकल्या, ते आपल्याला माहीत आहे. पण तिथली सवय वेगळी. हायवेवर नजर लांब असते, धोका समोरून येतो. शहरात धोका बाजूने येतो, मागून येतो, कधी पार्क केलेल्या टॅक्सीच्या दारातून येतो. दीड तास लांब बघत आलेली नजर एकदम जवळ येत नाही. म्हणून पळस्प्याला थांबा. चहा घ्या, काच पुसा, चेन बघा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. हा थांबा मी कधीच चुकवत नाही.

त्यानंतर लगेच कळंबोली येतं, आणि इथे आपल्या माणसाला सगळ्यात जास्त जपायला पाहिजे. जेएनपीटीचे कंटेनर आणि स्टील मार्केटचे ट्रेलर इथे वळतात. ट्रेलर डावीकडे वळायचा असेल तर आधी त्याचं तोंड उजवीकडे जातं. आपल्याला वाटतं तो उजवीकडे चालला, डावीकडे छान जागा झाली. ती जागा आपल्यासाठी नसते. त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतून कापत येतात, आणि नेमकी तीच जागा खातात. ड्रायव्हर वाईट नसतो. त्याला तुम्ही दिसतच नाही. त्याच्या डाव्या दाराखाली, अगदी नाकासमोर आणि शेपटीमागे, अशा तीन ठिकाणी तुम्ही त्याच्यासाठी नसताच. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, एवढं धरून चाला. सिग्नलला ट्रेलरच्या डाव्या बाजूने पुढे सरकायचं नाही. मागे थांबायचं. दोन मिनिटं गेली तर गेली.

बेस्टच्या बसचं तसंच. ती डावीकडे स्टॉपला येणारच. तुम्ही तिच्या आणि फुटपाथच्या मध्ये असाल तर चूक तुमची, शिवाय उतरणारा माणूस सरळ तुमच्या हँडलवर येतो. रिक्षा कुठेही थांबते हे गृहीत धरा आणि तिच्या थेट मागे राहू नका.

गाड्यांच्या मधून काढायची की नाही? मुंबईत सगळे काढतात, तुम्हीही काढाल, नको म्हटलं तरी ऐकणार नाही. माझा नियम सांगतो. आजूबाजूच्या गाड्या थांबलेल्या किंवा सरपटत असतील तेव्हाच, आणि चालत्या माणसाच्या दुप्पट वेगापलीकडे नाही. ट्रॅफिक सुटून वाहायला लागलं की आपली लेन धरायची. दोन अवजड गाड्यांच्या मध्ये कधीच नाही. मागे माल बांधलेला असेल तर अजिबात नाही, कारण तुम्ही सुटता पण गोण अडकते.

अंतराचं गणित एकदा डोक्यात पक्कं करा. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोरच्याचा लाल दिवा दिसून तुमचा हात ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ११ ते १६ मीटर गेले. मग कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी साधारण १० मीटर. ताशी ६० असेल तर नुसत्या ब्रेकचं अंतर सव्वादोन पट होतं, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. ओल्या रस्त्यावर याहून जास्त. म्हणून समोरच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणा आणि त्यानंतर तुम्ही त्या खांबापाशी पोचला पाहिजे. त्याआधी पोचलात तर फार जवळ आहात. अंतर ठेवलं की दुसरा कुणीतरी मध्ये घुसतो, हे मला माहीत आहे. घुसू द्या. तो तुमचं गिऱ्हाईक नेत नाही.

पावसात तीन गोष्टी घसरतात: लोखंडी पत्रे (मेट्रोच्या आणि खोदकामाच्या ठिकाणी टाकलेले), गटाराची झाकणं आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे. यांच्यावर असताना ब्रेकही नको आणि हँडल वळवणंही नको, सरळ निघून जायचं. पहिल्या पावसाच्या पहिल्या तासात रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा तर टपरीवर थांबणंच उत्तम. साचलेल्या पाण्यात खड्डा दिसत नाही, त्यामुळे पुढची गाडी जिथून गेली तिथूनच जा.

घाई रस्त्यावर सुरू होत नाही, फोनवर होते

आता धंद्याचं बोलू. कारण मी इतकी वर्षं बघतोय, आपली मुलं वेगाच्या हौसेने पडत नाहीत. ती "अकरा वाजता पोचतो" म्हणून पडतात.

रोह्याचा एक मुलगा माझ्याकडे होता. चांगला धंदा उभा करत होता. दुकानदाराला अकराचा शब्द दिला, मानखुर्दला अडकला, पावणेअकरापासून फोन सुरू झाले. हेल्मेटमध्ये फोन कोंबून बोलत बोलत काढली गाडी. खांद्याचं हाड मोडलं, सहा आठवडे गेले. ज्या दुकानदारासाठी एवढं केलं, त्याने तोवर दुसऱ्याकडून माल घ्यायला सुरुवात केली होती. त्याचं काही चुकलं नाही, त्याला रॅक रिकामा ठेवता येत नाही.

त्या दिवसापासून मी शिकवतो की ठोक वेळ कधी द्यायची नाही, टप्पा द्यायचा. "मी जेवणाच्या आधी येतो, दादरला शिरलो की फोन करतो." दुकानदाराला अकराशी काही देणंघेणं नसतं. माणूस येणार आहे की नाही एवढंच त्याला हवं असतं. निघताना व्हॉट्सॲपवर एक निरोप टाका, वाशीला थांबून दुसरा. मधे फोन वाजला तर वाजू द्या. गाडी चालवताना फोन हातात दिसला तर चलान येतंच, कॅमेरे सगळीकडे आहेत.

वेळही हुशारीने निवडा. सकाळी साडेआठ ते अकरा मुंबईत शिरू नका आणि संध्याकाळी पाचनंतर बाहेर पडू नका. एक तर पहाटे पाचला पेण सोडा, साडेसातच्या आत सायन ओलांडा आणि दुकानं उघडेपर्यंत निवांत नाश्ता करा. नाहीतर दहाला निघा आणि साडेअकरानंतर वाशी पूल ओलांडा. दुपारी एक ते तीन दुकानदार थोडा मोकळा असतो, नवीन माणसाशी बोलायला त्याला तेव्हाच वेळ मिळतो. चारच्या आत परतीला लागा. रोह्याच्या मंडळींनी त्याच दिवशी परत यायचा अट्टाहास करू नये. पनवेलला किंवा नातेवाइकांकडे राहा, दुसऱ्या दिवशी नवी मुंबईची दुकानं करा. दमलेल्या माणसाने अंधारात कर्नाळा ते नागोठणे चालवणं हा सगळ्या ट्रॅफिकपेक्षा मोठा धोका आहे.

तरीही कधी माल न्यावाच लागला तर

होतं असं कधीकधी. गिऱ्हाईक मोठं असतं, टेम्पो बंद पडतो. मग वजन खाली आणि अंगाजवळ ठेवा. दोन बाजूंना सारख्या वजनाच्या बॅगा लावा, रुंदी हँडलपेक्षा जास्त नको. मागच्या टोकाला जड ओझं बांधलं की पुढचं चाक हलकं होतं, हँडल तरंगल्यासारखं वाटतं आणि वळणावर गाडी ऐकत नाही. हँडलला पिशवी अडकवू नका, ती वळताना टाकीला अडते. स्कूटरच्या पायाशी खोका ठेवला की पाय बाहेर येतात आणि ब्रेक उशिरा लागतो. दोरीचं टोक मोकळं सोडू नका, ते चेनमध्ये जातं. मागच्या टायरमध्ये हवा कंपनीने जड वजनासाठी सांगितलेली भरा, तो आकडा चेनच्या कव्हरवर किंवा पुस्तकात असतो. आणि पेणमध्येच दोन-तीन वेळा जोरात ब्रेक लावून बघा. गाडी किती बदललीय ते हायवेला लागायच्या आधी कळलेलं बरं.

हेल्मेट आयएसआय खुणेचं, आयएस ४१५१ लिहिलेलं, आणि पट्टा लावलेलं. मुंबईत मागे बसणाऱ्यालाही सक्ती आहे. हेल्मेट नसेल तर दंडावर भागत नाही, कायद्यात तीन महिने लायसन्स निलंबित करायची तरतूद आहे. तीन महिने लायसन्स नाही म्हणजे तीन महिने दुकानांच्या भेटी नाहीत.

दुसऱ्याला पाठवताना

धंदा थोडा वाढला की भाच्याला पाठवायची सुरुवात होते. तो १८ वर्षांचा झालेला नसेल तर गाडीची किल्ली देऊच नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो. २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंग अशी शिक्षा आहे, गाडीची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द होते. लायसन्स नसलेल्या कामगाराला पाठवलं तरी मालक अडकतो. लायसन्सची प्रत फाइलला लावा, मग किल्ली द्या.

त्याला पगार फेऱ्यांवर देऊ नका, दिवसावर द्या. फेरीवर पैसे दिले की तो पाचाऐवजी सात फेऱ्या मारायला बघतो आणि सिग्नल तोडायचे पैसे तुम्हीच त्याला देत असता.

त्याच्या आणि तुमच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा. त्यावर रक्तगट, घरचा नंबर आणि विमा कंपनीचा नंबर लिहा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. रस्त्यावर अपघात झालेल्याला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार देणारी केंद्राची योजना २०२५ पासून लागू आहे, हेही घरच्यांना सांगून ठेवा. घरच्यांना त्या वेळी काही सुचत नाही.

पहिली फेरी

पहिल्यांदाच जाणार असाल तर रविवारी सकाळी जा, माल नको, नमुनेही नकोत. फक्त रस्ता बघा. कळंबोलीला कुठली लेन धरायची, वाशी पुलानंतर फ्रीवेचा फाटा कुठे येतो आणि तो कसा टाळायचा, दादरला पे-अँड-पार्क कुठे आहे, त्या दुकानांची शटर कुठल्या बाजूला उघडतात. वहीत लिहा. पहिल्या महिन्यात वाशी-नेरूळपर्यंतच धंदा करा. तिथली गिऱ्हाइकंही पापड खातात आणि परत यायला खाडी ओलांडावी लागत नाही. दोन-तीन दुकानं नियमित झाली की मग चेंबूर, मग दादर.

वरचा १६० किलोमीटरचा हिशोब तुमच्या मालाचे आकडे घालून एका कागदावर करा आणि पुढच्या बॅचला घेऊन या. टेम्पो कुणाकुणाला मिळून ठरवता येईल, ते आपण तिथेच बसून जुळवू.